महापुरात बुडालेल्या व्हीसीडी : धुणं, प्लेअर, टीव्ही आणि बाकीचा खटाटोप

२ जून २०२४, रविवार

मामांची सीडी लायब्ररी होती, भाड्यानं व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) द्यायचं दुकान. तिथली खोकी टेम्पोनं घरी आणली. टेम्पोचे ३५० रुपये गेले. मालाचे पैसे मामांनी घेतले नाहीत. "अगं, भंगारवाला पण किलोवर घेईना, आणि तू कशाला वाहून नेतीस?" एवढंच म्हणाले.

दुकान सांगलीत, खणभागात, तळमजल्यावर होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५) तेव्हा वरच्या फळ्या तेवढ्या वाचल्या. खालचा माल बुडाला, आणि पाणी ओसरल्यावर तसाच चिखलासकट खोक्यांत भरून पोटमाळ्यावर गेला. तेव्हापासून तिथंच होता.

आत काय आहे ते वरवर बघितलं. मराठी चित्रपट, कीर्तनं, भजनं, लावण्या, बालगीतं, आणि नाटकं तर भरपूर. सांगलीची लायब्ररी म्हटल्यावर ती असणारच. शिवाय शेजारच्या फोटो स्टुडिओनं ठेवायला दिलेल्या लग्नाच्या सीडींचा एक गठ्ठा. तो वेगळा काढला. ज्याचं त्याला पोचवायचं, बघायचं नाही.

मला हे विकायचं नाही. सीडी धुवायच्या, एक प्लेअर धड चालू करायचा, आणि जसं तेव्हा दिसायचं तसं बघायचं, एवढाच बेत आहे. अशी खोकी आणखी कुणाच्या पोटमाळ्यावर असतील तर उपयोग होईल म्हणून लिहून ठेवते.

९ जून

वर्गवारी केली. खालची बाजू स्वच्छ चंदेरी असेल ती कारखान्यात छापलेली सीडी. हिरवट किंवा निळसर झाक असेल ती संगणकावर जाळलेली, म्हणजे बर्न केलेली. बुडालेल्यांत दोन्ही आहेत, पण जाळलेल्यांचं काही खरं नाही. त्यांच्यात माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, आणि तो थर ऊन-ओल दोन्हीला हळवा.

मग एकेक सीडी ट्यूबलाइटसमोर धरली. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथली अ‍ॅल्युमिनियमची झिलई गेली असं समजायचं. एखाददुसरा ठिपका चालतो. चांदणं दिसलं तर बाजूला ठेवायची.

खालच्या बाजूच्या ओरखड्यांना सगळे घाबरतात, पण व्हीसीडी मरते ती वरच्या, छापील बाजूनं. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. ती जवळजवळ सगळी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, आणि माहितीचा थर अगदी वर, लेबलच्या शाईखाली, लाखेच्या पातळ थराला चिकटून. डीव्हीडीत तोच थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधे सुरक्षित असतो. म्हणून पुरातून आलेल्या डीव्हीडी बहुतेक वाचतात आणि व्हीसीडी सोलवटतात.

१५ जून

कव्हरचा कागद भिजून लेबलला चिकटलाय आणि तसाच वाळलाय. एका कीर्तनाच्या सीडीवरचा कागद कोपऱ्याला धरून ओढला, तर कागदाबरोबर चांदीचा बोटभर तुकडा निघून आला. त्या जागेतून आरपार दिसतं. ती सीडी गेली. कागद ओढायचा नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून बाथरूमच्या दारावर चिकटवलं.

आता जमलेली पद्धत अशी. टबात साधं कोमट पाणी घ्यायचं, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा आणि सीडी लेबल वर करून रात्रभर बुडवून ठेवायची. सकाळी कागद आपोआप सुटतो. सुटला नाही तर पाणी बदलून पुन्हा ठेवायची. नख लावायचं नाही.

चिखलाचं वेगळंच. नदीचा पोयटा हाताला लोण्यासारखा लागतो, पण त्यात बारीक रेती असते. फडक्यानं पुसलं की खालच्या बाजूला पॉलिश पेपर फिरवल्यासारखे ओरखडे. आधी नळाच्या धारेखाली धरून पोयटा वाहू द्यायचा, मग मऊ मायक्रोफायबरनं मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचं. गोल फिरवून पुसू नये. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेनं जातो आणि सलग माहिती खातो. आडवा ओरखडा प्लेअर निभावून नेतो.

शेवटी बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरनं विसळायचं. नुसत्या नळाच्या पाण्यानं वाळल्यावर पांढरे डाग राहतात. पाच लिटरचा कॅन १२० रुपयांना मिळाला, बराच पुरला.

थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर कुणी सुचवलं तर ऐकू नका. पॉलिकार्बोनेटला त्यानं बारीक तडे जातात आणि सीडी धुरकट होते.

२३ जून

वाळवण्यासाठी स्वयंपाकघरातलं ताटांचं स्टँड पळवलं. सीडी उभ्या बसतात, दोन्हीकडून वारा लागतो. घरात यावरून बोलणी खाल्ली, म्हणून दुसरं स्टँड आणलं, १८० रुपये. उन्हात ठेवायच्या नाहीत, वाकड्या होतात. पावसाळी हवेत पंख्याखाली वाळायला वेळ लागतो. घाई करून कव्हरात घातलेल्या काहींवर आतून वाफ धरली. त्या परत काढून वाळवल्या.

७ जुलै

प्लेअर. जुना व्हीसीडी प्लेअर भंगारवाल्याकडून २५० रुपयांत घेतला. रिमोट नाही. लावला की "रीडिंग" आणि मग "नो डिस्क". ट्रे अर्ध्यावर अडकतो तो वेगळाच.

आधी स्वतः उघडला. लेन्सवर धुळीचा थर होता. कानाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून अगदी हलक्या हातानं पुसला. फरक शून्य. नेटवर जो तो सांगतो की लेझरच्या बाजूचा बारीक स्क्रू थोडा फिरवा, वाचायला लागेल. तो लेझरची ताकद वाढवणारा स्क्रू आहे. आठ दिवस वाचेल, मग लेझर जळेल. हात लावला नाही, आणि मिरजेला नेला.

मिरजेत रेडिओ-टेप दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, दुकान इतकं लहान की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं. त्यांनी झाकण काढलं, लेन्सची गाडी बोटानं पुढं-मागं केली आणि म्हणाले, "लेझर नंतर बघू ओ. आधी ह्याचं ग्रीस बघा, डिंक झालाय." ग्रीस वाळून घट्ट झालं होतं, त्यामुळं लेन्स आतल्या कडेपर्यंत सरकतच नव्हती. सीडीची अनुक्रमणिका तिथंच, आतल्या कडेला असते. ती वाचता आली नाही की प्लेअरच्या लेखी सीडीच नाही.

जुनं ग्रीस पुसून प्लास्टिकला चालणारं पांढरं लावलं. ट्रेचा रबरी बेल्ट सैल पडलेला. चाचांनी तो उकळत्या पाण्यात घालून तात्पुरता आवळला आणि नवा मागवायला सांगितलं. पॉवर सप्लायमधले दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले होते, तेही बदलले. मजुरी आणि सामान मिळून ४०० रुपये.

आता छापलेल्या सीडी वाचतो. जाळलेल्या अजून नाही.

१४ जुलै

चाचांचं मत पडलं की लेझर म्हातारा झालाय. आत सोनीचा केएसएस-२१३ जातीचा पिकअप (लेझर आणि लेन्सचा जोड) आहे. हा असंख्य सीडी आणि व्हीसीडी प्लेअरमध्ये वापरला गेला, त्यामुळं त्याच्या नकला अजून सहज मिळतात. कुरियरनं २६० रुपयांना आला.

घरी बसवला. पूर्ण मुका, लेझर पेटतच नाही. सदोष माल समजून परत पाठवायला खोक्यात भरला, पण त्याआधी चाचांना फोन केला. ते हसायलाच लागले. नव्या पिकअपच्या पट्टीवर कारखान्यातून कथलाचा एक टिपका मुद्दाम लावून येतो. हाताळताना स्थिर विजेनं लेझर मरू नये म्हणून दोन टोकं जोडून ठेवलेली असतात. पट्टी प्लेअरला जोडल्यावर तो टिपका कावियानं (सोल्डरिंग आयर्ननं) काढायचा. काढला, आणि जाळलेल्या सीडीसुद्धा वाचायला लागला.

एवढी उठाठेव नको असेल तर साधा डीव्हीडी प्लेअर घ्या, बहुतेक सगळे व्हीसीडी वाजवतात. फक्त एक बघा. डीव्हीडीचा लेझर ६५० नॅनोमीटरचा, सीडीचा ७८०. जाळलेल्या सीडीचं रंगद्रव्य ७८० साठी बनवलेलं, म्हणून ज्या प्लेअरमध्ये दोन्ही लेझर आहेत तोच अशा सीडी नीट वाचतो. घेताना एक जाळलेली सीडी बरोबर न्यावी.

२८ जुलै

नदी वाढलीय, पुलाकडं बघ्यांची गर्दी. धुतलेला सगळा माल खालच्या कपाटातून वरच्या मजल्यावर नेला. धुणं बंद.

११ ऑगस्ट

टीव्ही. हॉलमधल्या ४३ इंची एलईडीला लावून बघितलं. चेहऱ्याच्या जागी चौकोन. भाचा म्हणाला, "मावशी, हे असलं बघायचात तुम्ही लोक?"

असलं नाही बघायचो. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. १९९३ मध्ये फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी हे मानक ठरवलं तेव्हा साध्या ऑडिओ सीडीच्या वेगानंच व्हिडिओ वाचायचा होता, म्हणून चित्राच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम ११५० किलोबिट आले. तेवढ्या मालाला २१ इंची काचेचा टीव्ही बरोबर होतो. त्याच्या रेघा आणि मऊ कडा चौकोन झाकून टाकतात. एलईडी तेच चित्र कितीतरी पट ताणतो, आणि वर ४:३ चं १६:९ करून माणसं रुंद करतो.

विश्रामबागेत एकांच्या गॅलरीत जुना २१ इंची पडला होता. फुकट मिळाला, पण दोन माणसांनी उचलायचं ओझं आहे. रिक्षा आणि चहापाणी मिळून २०० रुपये. लावल्यावर एका कोपऱ्यात जांभळट डाग दिसत होता. शेजारी ठेवलेल्या स्पीकरच्या चुंबकाचा तो परिणाम. स्पीकर हलवला. टीव्ही मेन स्विचपासून बंद करून गार होऊ दिला, मग चालू केला. असं दोन-चारदा केल्यावर डाग गेला. मागचं झाकण मात्र उघडू नका. बंद टीव्हीतही पिक्चर ट्यूब झटका देण्याइतका विजेचा दाब धरून ठेवते.

१८ ऑगस्ट

अर्ध्या खोक्यांतल्या सीडी रंगीत दिसतात, अर्ध्यांतल्या काळ्या-पांढऱ्या. पिवळी वायर बदलली, जॅक घासला, दुसरा टीव्ही आणून लावला. अख्खी संध्याकाळ गेली.

वायर ठीकच होती. टीव्हीवर रंग दाखवायच्या दोन पद्धती, पाल आणि एनटीएससी. काही व्हीसीडी पालमध्ये आहेत, काही एनटीएससीत. एनटीएससीवाल्यांचं चित्र ३५२ बाय २४०. टीव्हीची कलर सिस्टिम पालवर अडकवून ठेवली असेल तर एनटीएससीचा रंग त्याला कळत नाही. टीव्हीच्या मेनूत "ऑटो" केलं, काम संपलं. प्लेअरच्या रिमोटवर पी/एन असं बटण असतं, त्यानंही बदलता येतं. रिमोट शंभर रुपयांचा युनिव्हर्सल घेतला, त्यात हे बटण नाही.

आणखी एक. भजनांच्या एका सीडीवर आवाज एकाच बाजूनं येत होता. बिघाड नव्हता. डावीकडं गाणं, उजवीकडं नुसती साथ, घरी म्हणायची सोय. प्लेअरवर एल/आर दाबून हवी ती बाजू घ्यायची.

८ सप्टेंबर

गणपती बसले. पाहुणे आले म्हणून काम थांबलं, पण मामा आले होते. त्यांच्याबरोबर जोड्या लावायला बसले. एका सीडीवर ७४ मिनिटं, म्हणजे चित्रपटाला दोन किंवा तीन सीडी लागणारच. लोक परत करताना एकाच्या डबीत दुसऱ्याची दोन नंबरची घालून जायचे, आणि बुडालेल्यांवरचा छापा तर धुऊनच गेलाय. छापा नसलेल्या सीडीच्या आतल्या कड्यावर, भोकाच्या जवळ, आरशात कोरल्यासारखा बारीक आकडा असतो. टॉर्च तिरका धरला की वाचता येतो. एकाच संचाचे आकडे बहुतेकदा लागोपाठचे निघतात.

मामांना आकडे लागत नव्हते. नुसती डबी बघून ते सांगायचे, "ही माळी गल्लीतल्या मास्तरांकडं असायची, दुसरी त्यांनी आणलीच नाही." धंदा का बसला ते विचारलं. "दहा रुपये भाडं होतं. एका कंपनीनं नवी कोरी सीडी २८ रुपयांत विकायला काढली, मग भाड्यानं कोण नेतंय?"

२९ सप्टेंबर

संगणकावर प्रती काढायला घेतल्या. फक्त स्वतःसाठी. कुठंही चढवणार नाही, हक्क ज्याचे त्याचे आहेत.

विंडोजमध्ये सीडी उघडली की एका फोल्डरमध्ये मोठी डॅट फाइल दिसते. ती नुसती कॉपी करायला गेलं तर एखाद्या ओरखड्यापाशी अडकते आणि सगळंच सोडून देते. तीच सीडी प्लेअरमध्ये मात्र क्षणभर चौकोन दाखवून पुढं जाते. कारण असं की साध्या डेटा सीडीवर चूक दुरुस्त करायला जी जादा जागा राखलेली असते, तीच व्हीसीडीनं व्हिडिओला देऊन टाकली. म्हणून तर ६५० एमबीच्या चकतीवर ७३८ एमबी व्हिडिओ मावतो. प्लेअरला एखादं सेक्टर (माहितीचा एक तुकडा) चुकलं तरी चालतं, संगणकाला चालत नाही.

उपाय म्हणजे फाइल कॉपी न करता अख्खी सीडी कच्ची, म्हणजे जशीच्या तशी, उतरवायची. लिनक्सवर सीडीआरडीएओ हा प्रोग्राम कच्च्या वाचनाच्या पर्यायासह चालवला. जवळजवळ ७५० एमबीची प्रतिमा मिळते. मग व्हीसीडीइमेजरमधलं व्हीसीडीएक्सरिप तिच्यातून एमपेग (साधी व्हिडिओ फाइल) काढून देतं. वाचनाचा वेग कमी ठेवायचा, जास्त वेगाला खराब सीडी नुसती घरघरते.

लॅपटॉपचा पातळ ड्राइव्ह लवकर हार मानतो. जुन्या डेस्कटॉपचा जाड ड्राइव्ह (२०० रुपये, सेकंडहँड) त्याच सीडी मुकाट्यानं वाचतो. हा आधी आणला असता तर सप्टेंबरातल्या कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या.

खालच्या बाजूच्या ओरखड्यांवर पांढरी टूथपेस्ट चोळून बघितली. जेल चालत नाही. उथळ ओरखडे खरंच कमी होतात. खोल ओरखड्यावर आणि लेबलच्या बाजूच्या जखमेवर उपयोग नाही.

१३ ऑक्टोबर

कव्हरं. मूळ मऊ प्लास्टिकची पाकिटं उन्हाळ्यात चिकट होऊन छाप्याला चिकटतात, ती सगळी टाकली. कागदी पाकिटांचे दोन गठ्ठे घेतले, १६० रुपये. सीडीवर स्टिकर लावायचा नाही, फिरताना तोल जातो आणि काढताना झिलई येते. बॉलपेनही नको. नंबर मधल्या पारदर्शक कड्यावर सीडीच्या मार्करनं लिहिला.

लग्नाच्या सीडींपैकी बऱ्याच पोचवल्या. एका घरी नाव सांगताच आजींनी आत बोलावून ओटीच भरली. दुसऱ्या घरी दारातूनच सांगितलं की नको. दोन्ही कारणं विचारली नाहीत.

५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन

विष्णुदास भाव्यांच्या गावात आज नाटकच लावायचं. मामा, मामी, आई, भाचा, समोर २१ इंची टीव्ही.

व्हीसीडीवर काय टिकतं ते आज नीट कळलं. हाणामारी, पाऊस, धावती गर्दी असलं काही आलं की चित्र फुटतं, कारण प्रत्येक क्षणी सगळंच बदलत असतं आणि तेवढा माल ११५० किलोबिटमध्ये मावत नाही. नाटकात कॅमेरा तिपाईवर उभा, सेट जागच्या जागी, हलतात ती दोन-तीन माणसं. भरपूर उजेडातला दिवाणखाना सुरेख दिसतो. तिसऱ्या अंकात दिवे मंद झाले तसे काळोखात राखाडी चौकोन तरंगायला लागले, तेवढंच. लेझरडिस्क (सीडीच्या आधीची मोठी व्हिडिओ चकती) जमवणारे जगभर आहेत, तिचं चित्र याहून कितीतरी सरस असतं हे मान्य. पण मराठी नाटकं तिच्यावर कुठून मिळणार?

पहिली सीडी संपली ती नटाचं वाक्य अर्ध्यावर तोडून. अंक तोडायचा कुठं याचा विचार कुणी केलेलाच नाही, ७४ मिनिटं भरली की कात्री. मामींनी तेवढ्यात चहा टाकला. दुसरी सीडी घातली तर प्लेअर "नो डिस्क" म्हणाला. काढून फुंकर मारली, परत घातली, लागली.

भाचा शेवटपर्यंत बसला. "प्रेक्षक खोकतात ते पण ऐकू येतंय," म्हणाला. मामा म्हणाले, "तो खोकणारा भावे नाट्यमंदिरातला असणार." रेकॉर्डिंग मुंबईचं आहे हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

१७ नोव्हेंबर

खर्चाची बेरीज: टेम्पो ३५०, पाणी १२०, स्टँड १८०, प्लेअर २५०, दुरुस्ती ४००, पिकअप २६०, टीव्ही आणताना २००, रिमोट १००, ड्राइव्ह २००, पाकिटं १६०. एकूण २२२० रुपये. मिरजेचं बसभाडं धरलं नाही.

बुडालेल्या छापील सीडींपैकी निम्म्याहून जास्त आता शेवटपर्यंत चालतात. जाळलेल्यांपैकी फार थोड्या. एकट्या राहिलेल्या सीडींचं वेगळं खोकं केलंय, त्यात नाटकांच्या एक नंबरच्या जास्त आहेत. कुणाकडं दोन नंबरच्या सुट्या पडल्या असतील तर आतल्या कड्यावरचा आकडा आधी वाचून ठेवा, नावावरून जोडी लागत नाही. ट्रेचा नवा बेल्ट आलाय पण तो एक माप मोठा निघाला, रविवारी पुन्हा मिरज.